रंगभवन, २६ मार्च १९८० : एका कॅसेटच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, फोंडा

वाचनालयाच्या ध्वनिसंग्रहात आजवर जत्रेतील नाटके, भजने, घुमटवादन आणि जुन्या कीर्तनकारांच्या फिती जमा झाल्या आहेत. त्यांच्या पंक्तीला आता आलेली कॅसेट बसवावी की नाही, यावरून समितीच्या बैठकीत थोडी कुरकुर झाली. पण गोव्यातील माणसांनी गोव्याबाहेर जाऊन जे ऐकले तेही आपल्याच ऐकण्याचा भाग आहे, हे म्हणणे अखेर मान्य झाले आणि काम माझ्याकडे आले. मी स्वतः त्या कार्यक्रमाला हजर होतो, हे समितीला आधीच सांगून ठेवले आहे.

ही कॅसेट म्हणजे ‘द पोलीस’ या त्रिकुटाच्या मुंबईतील कार्यक्रमाचे, प्रेक्षकांत बसून केलेले ध्वनिमुद्रण होय. कार्यक्रम बुधवार, २६ मार्च १९८० रोजी धोबीतलावच्या रंगभवनात झाला आणि त्याचे आयोजन टाइम अँड टॅलेंट्स क्लबने केले होते. गाणारा आणि बेस गिटार वाजवणारा स्टिंग, गिटारवर अँडी समर्स, ड्रमवर स्ट्युअर्ट कोपलंड. १९७७ साली लंडनमध्ये जमलेल्या या मंडळींच्या नावावर तेव्हा दोनच अल्बम होते, तरी ती जगाच्या दौऱ्यावर निघाली होती आणि हाँगकाँग, मुंबई, कैरो, अथेन्स अशी एरवी पाश्चात्त्य वाद्यवृंद ज्या वाटेला फारसे जात नसत ती शहरे तिने दौऱ्यात घेतली होती.

गोव्यातून आम्ही चौघे गेलो होतो. टेपरेकॉर्डर म्हापशाच्या मित्राचा होता. तो आता हयात नाही. कॅसेट त्याच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून वाचनालयाला दिली. उरलेले दोघे म्हणजे मडगावचे भाई आणि वास्कोचा मित्र. एक नियम आजच ठरवून टाकला आहे : सर्वांच्या मुलाखती पूर्ण होईपर्यंत कॅसेट कोणीही ऐकायची नाही, मीसुद्धा नाही. फीत एकदा कानावर पडली की माणूस आपली आठवण सांगायचे सोडून फितीतलेच सांगू लागतो.

८ जून

कॅसेटची बाह्य तपासणी केली. सी-९०, म्हणजे प्रत्येक बाजूला ४५ मिनिटे. सी-६० पेक्षा ही फीत पातळ असते आणि एका बाजूची लांबी सुमारे १३० मीटर भरते. कवच स्क्रूचे आहे, चिकटवलेले नाही, ही मोठीच सोय. लेबलावर मित्राच्या अक्षरात फक्त ‘मुंबय ८०’ एवढेच लिहिले आहे.

फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरट बुरशी दिसते. गोव्याच्या पावसाळ्यातून चार दशके काढलेल्या वस्तूवर ती नसती तरच नवल. फीत हेडवर दाबून धरणारा नमद्याचा छोटा तुकडा, म्हणजे प्रेशर पॅड, डिंक सुकल्याने तांब्याच्या पट्टीवरून सुटून कवचातच लोळत होता. या अवस्थेत ती लावली असती तर आवाज बोळ्याने दाबल्यासारखा आला असता आणि बुरशीचे कण यंत्राच्या हेडवर बसून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागले असते. त्यामुळे सध्या कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवली आहे. सध्या बाहेर आर्द्रता नव्वदच्या घरात आहे, तेव्हा घाई करण्यात अर्थ नाही. कवच बदलण्यासाठी त्याच मापाची एक कोरी, स्क्रूची कॅसेट मिळवली आहे.

१४ जून, मडगाव

भाईंची मुलाखत. भाई आमच्यात वयाने मोठे, तेव्हा नुकतेच बँकेत लागलेले, आणि आज सत्तरीतही सांगण्याची हौस तशीच. गाण्यांविषयी विचारले की ते प्रवासाविषयी सांगतात, आणि प्रवासाचे सांगणे इतके नेमके असते की मध्येच थांबवणे जिवावर येते.

गोव्यातल्या मराठी घरातल्या मुलांना १९८० साली या त्रिकुटाचे नाव ठाऊक असण्याचे कारण हणजुणेचा बुधवारचा बाजार. हिप्पी मंडळी हंगाम संपत आला की मायदेशी परतण्यापूर्वी आपल्याजवळचे कपडे, पुस्तके, कॅमेरे, कॅसेट असे सारे वाळूत चादर अंथरून विकून टाकत. तिथून भाईंनी त्यांच्या पहिल्या अल्बमची, हाताने नाव लिहिलेली एक कॅसेट आणली होती. भाईंच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. त्यांचा मुलगा पॅरिश शाळेत स्वरलेखन वाचायला शिकलेला, लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारा. “या गाण्यांत ठोका जिथे पडायला हवा तिथे पडतच नाही, रिकाम्या जागी पडतो, असे त्याने मला टेबलावर बोटे वाजवून दाखवले,” असे भाई म्हणाले आणि त्यांनी तो ठोका माझ्यासमोर सोफ्याच्या हातावर वाजवूनही दाखवला. जमैकाच्या रेगे संगीतातील ही चाल त्या त्रिकुटाने आपलीशी केली होती, हे आम्हांला पुढे कळले.

कार्यक्रमाची खबरही त्याच मुलाने कळवली. तो तोवर मुंबईत नोकरी शोधत धोबीतलावच्या कुडात राहत होता. गोव्याच्या ख्रिस्ती गावांनी मुंबईत आपापल्या माणसांसाठी, विशेषतः जहाजावर जाणाऱ्या खलाशांसाठी, जी गावकीची वसतिगृहे चालवली ती हीच कुडे. आणि त्यांतली कित्येक रंगभवनापासून चार पावलांवर. आंतरदेशीय पत्रात त्याने लिहिले की तिकिटे काढून ठेवतो, पैसे आल्यावर द्या.

घरी काय सांगायचे हा खरा प्रश्न होता. माझे मामा गिरगावात राहत, त्यामुळे मला फारसे काही सांगावे लागले नाही. भाईंनी बँकेत डोळे तपासून घेण्यासाठी मुंबईला जायचे असल्याचा अर्ज दिला आणि परतल्यावर साहेबांनी चष्मा कुठे आहे असे विचारले तेव्हा “नंबर निघाला नाही” असे उत्तर दिले. हे उत्तर त्यांनी बोटीवरच तयार करून ठेवले होते.

बोट सकाळी पणजीच्या धक्क्यावरून सुटे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्याला लागे. कोकण रेल्वे नव्हती. ती १९९८ साली आली. आगगाडीने जायचे तर लोंढा-मिरजेचा वळसा. भाईंच्या आठवणीत ती बोट ‘कोकण सेवक’ होती. डेकवर चटई टाकून झोपणे, वाटेतल्या बंदरांत बोट दूर उभी राहिली की कंदील घेऊन येणारे पडाव, शेजारच्या बाईच्या करंडीतल्या कोंबड्या, आणि त्या कोंबड्यांशेजारी टॉवेलात गुंडाळून ठेवलेला टेपरेकॉर्डर. मित्र त्याला रात्रभर उशाशी घेऊन झोपला होता. सेल संपू नयेत म्हणून त्याने वाटेत एकदाही तो लावू दिला नाही.

मामांनी जाण्यापूर्वी आम्हांला पोटभर जेवू घातले. ते गोवा हिंदु असोसिएशनच्या नाटकांचे नेमाचे प्रेक्षक, त्यांचा एकच प्रश्न होता, “नाटक तीन तासांचे असते, हे किती वेळ चालते?” दीड तासाच्या आसपास, असे ऐकून त्यांनी “मग एवढ्यासाठी बोटीचे भाडे?” असे म्हटले, हे भाईंना शब्दशः आठवते. मलाही आठवते.

कार्यक्रमाविषयी मात्र भाईंचे सांगणे त्रोटक आहे. तिघेच होते, आवाज दहा जणांचा होता. आपण पूर्ण वेळ खुर्चीवर बसून शांतपणे ऐकले, पुढची पोरे उगाच धांगडधिंगा करत होती, असे त्यांनी दोनदा सांगितले. नोंद जशीच्या तशी केली आहे.

२४ जून

सांजाव, म्हणजे सेंट जॉनचा सण. विहिरीत उड्या मारणाऱ्या पोरांच्या गलबल्यात मुद्रण शक्य नव्हते. प्रश्नावली नीट केली.

३० जून, वास्को

वास्कोच्या मित्राची मुलाखत. हा पुढे व्यापारी जहाजावर रेडिओ अधिकारी झाला आणि जग हिंडला. त्याची आठवण भाईंच्या उलट : प्रवासाचे काही नाही (बोट ‘कोकण शक्ती’ होती एवढे मात्र तो छातीठोकपणे सांगतो), पण मंचावरचे सारे बारकाव्यांसह. समर्सच्या बोटांच्या हालचाली, कोपलंडचा घामाने चिंब चेहरा, विंगेत उभी असलेली माणसे.

इथे सावधपणे पुढे जावे लागले. आम्ही मागच्या बाजूला बसलो होतो. तिथून विंग दिसण्याचा संभव नव्हता. त्या दौऱ्यावर एक माहितीपट निघाला आणि १९८२ साली तो व्हिडिओवर आला, त्यात मुंबईही आहे. जहाजावर व्हिडिओ पाहणे हाच तेव्हा विरंगुळा असे. मी सरळ विचारले तेव्हा त्याने तो अनेकदा पाहिल्याचे आनंदाने सांगितले. पण त्याच्या मते त्यामुळे काही बिघडत नाही, कारण “मी तिथे होतोच ना”. हे उत्तर खोटे नाही. कॅमेऱ्याने मंचाजवळून घेतलेले चित्र त्याने आपल्या मागच्या खुर्चीवरून पाहिलेल्या चित्राला इतके बेमालूम जोडले आहे की सांधा आता त्यालाही सापडत नाही.

दुसरी गोष्ट अधिक सोपी होती. त्या रात्री ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ सुरू झाले तेव्हा आपल्या अंगावर काटा आला, असे त्याने सांगितले. ते गाणे १९८३ सालचे. १९८० च्या मार्चमध्ये त्यांचा तिसरा अल्बमही बाहेर आला नव्हता. तो ऑक्टोबरमध्ये आला. मी सन सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “पण काटा आला होता.” काटा आला होता हे मला मान्य आहे, कोणत्या गाण्याला, हे फितीवरून पाहता येईल.

माझ्या मते या प्रकल्पात मोलाचे काही असेल तर ते हेच. त्या दीड तासापैकी आमच्याकडे मूळचे फार थोडे उरले आहे. पुढच्या चाळीस वर्षांत त्या त्रिकुटाचे जे जे ऐकले, पाहिले, वाचले, ते आम्ही सर्वांनी त्या एका रात्रीच्या खात्यावर जमा करत नेले. मुलाखतीच्या टिपणात म्हणूनच दोन रकाने करत आहे : तेव्हा कळणे शक्य होते ते, आणि नंतरच कळू शकले असते ते. दुसऱ्या रकान्यातले काहीही खोडायचे नाही.

एक तपशील पहिल्या रकान्यात गेला. मंचाच्या वर, उघड्या आकाशात चंद्र होता, असे त्याने सांगितले. माहितीपटातून उचलावा असा हा तपशील वाटत नाही.

२ जुलै

चंद्राची पडताळणी. यासाठी जुने पंचांग हुडकण्याची गरज पडली नाही, कारण त्या वर्षीची एक अमावास्या इकडच्या कोणालाही विसरता येणार नाही : १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास सूर्यग्रहण. खग्रास पट्टा आमच्या दक्षिणेला, कारवार-अंकोल्याच्या बाजूने गेला आणि गोव्यात भर दुपारी सांजेसारखे झाले. पुढची अमावास्या १६ मार्चला. म्हणजे २६ मार्चला शुद्ध दशमीच्या सुमाराचा चंद्र. तो संध्याकाळी आठ-साडेआठला जवळजवळ डोक्यावर येतो. रंगभवनाला छप्पर नव्हते. वास्कोच्या मित्राला दूरध्वनीवर हे सांगितले तेव्हा त्याला फारच समाधान वाटले.

९ जुलै, म्हापसा

वहिनींची मुलाखत. त्या कार्यक्रमाला नव्हत्या. लग्न होऊन त्या या घरात आल्या १९८४ साली. तरी ही मुलाखत घ्यायचीच असे मी ठरवले होते, आणि आतापर्यंतच्या मुलाखतींत मला हीच सर्वांत भरीव वाटते.

“भावजी, मला त्यातली गाणी विचारू नका, बोलणे विचारा,” असे म्हणून त्यांनी सुरुवात केली. त्यांचे यजमान रविवारी सकाळी मासळी आणून झाली की ही कॅसेट लावत. वहिनींना इंग्रजी गाण्यांची गोडी नव्हती. माहेरी भजनाची परंपरा, त्या स्वतः पेटी वाजवत. त्यामुळे त्यांचे कान दोन गाण्यांमधल्या जागांकडे लागत. कोण खोकते, कोण कोणाला हाक मारते, कोण कोकणीत बोलते, कोण गुजरातीत, एक बाई कोणाला तरी पाण्याची बाटली मागते, हे सारे त्यांना क्रमाने पाठ आहे. कैरीचे लोणचे घालताना नेमके पाण्याच्या बाटलीवाली बाई बोलायची, मग मी तिच्याआधी बोलायचे, असे त्या हसून म्हणाल्या. पुढे यंत्राचा पट्टा सैल झाला, कॅसेट वाजेनाशी झाली आणि ती डब्यात गेली.

कॅसेट सुरक्षित राहण्यामागचे कारणही त्यांनी सांगितले. वापरलेल्या कॅसेटवर नवे काही भरून घेण्याचा तो काळ. घरातल्या भजनांच्या कॅसेटवर मुलांनी क्रिकेटचे समालोचन भरले. या कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे दात मात्र यजमानांनी बोटीतून उतरताच मोडून टाकले होते. ते दात नसले की यंत्राची मुद्रणाची कळ दाबलीच जात नाही. डब्यात ते दोन तुकडेही असायचे, असे वहिनी म्हणाल्या. मी पाहिले, एक आहे.

२० जुलै, फोंडा

पाऊस दोन दिवस ओसरला, खोली कोरडी ठेवता आली, तेव्हा कामाला हात घातला. तोंडाला मुखपट्टी बांधून फीत हळूहळू मऊ कापडावरून पुढे-मागे नेली, बुरशी कापडावर आली. मग ती नव्या कवचात बसवली. यंत्राचे हेड आणि रबरी रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. संगणकावर ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट या मापाने मूळ प्रत घेतली. तिच्यावर कोणतीही प्रक्रिया करायची नाही, जे काही सुधारायचे ते दुसऱ्या प्रतीवर.

प्रथम हेडचा कोन. मित्राच्या टेपरेकॉर्डरचे हेड किंचित तिरके होते, त्यामुळे सरळ हेडवर वाजवताना वरचे सूर मंद येतात. बारीक स्क्रू फिरवत कोन जुळवण्यासाठी कोपलंडच्या हाय-हॅटइतका चांगला आधार दुसरा नाही. त्या जोडझांजेचा चुरचुरीत आवाज जिथे सर्वांत स्वच्छ आला तिथे स्क्रू थांबवला.

नंतर आवाजाच्या पातळीचा प्रश्न. या प्रकारच्या यंत्रांत पातळी आपोआप कमी-जास्त होते. मोठा आवाज आला की यंत्र सगळेच दाबून टाकते आणि शांतता झाली की कान टवकारून सारे वर उचलते. परिणाम असा की ड्रमचा एक तडाखा बसला की स्टिंग क्षणभर नाहीसा होतो, आणि गाणे संपून टाळ्या विरल्या की मायक्रोफोनशेजारच्या माणसाचे कुजबुजणे मंचावरच्या गाण्याहून मोठे ऐकू येते. वहिनींच्या पाठांतराचे रहस्य हे. गाणे ऐकायचे तर हे मुद्रण निकृष्ट आहे; प्रेक्षक ऐकायचे तर उत्कृष्ट.

खरी अडचण दुसऱ्या बाजूला आली. सेल उतरत गेले तशी मुद्रणाच्या वेळी फीत हळू सरकत गेली, म्हणून आज ती सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर या ठरलेल्या वेगाने वाजवली की सारे हळूहळू चढे होत जाते. स्टिंगचा आवाज मुळातच उंच. शेवटाकडे तो लहान मुलासारखा होतो. वेग सुधारायला काही तरी पक्का आधार लागतो. मंचावरच्या ॲम्प्लिफायरची विजेची गुणगुण शांत जागी पुसट ऐकू येते, पण त्या काळी आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झवर स्थिर राहत नसे, तेव्हा तिच्यावर विसंबण्यात हशील नव्हते. अखेर पेटी काढली. ‘मेसेज इन अ बॉटल’ हे मूळ ध्वनिमुद्रिकेत काळी एकच्या सुरातले, ‘रॉक्सॅन’ पांढरी पाचचे. फितीवर पहिले जवळजवळ जागेवर आहे. दुसरे काळी चारला पोहोचले आहे. म्हणजे तोवर अर्ध्या सुराचा फरक पडला होता. त्या दोन खुंट्यांना दोरी बांधून मधला उतार संगणकावर सरळ केला. मैफलीत वाद्ये मूळ सुरातच लावली होती हे गृहीत धरले आहे आणि तशी नोंद प्रतीसोबत ठेवली आहे.

न सुधारलेली प्रतही तितकीच जपायची. उतरत जाणारे सेल हाही त्या रात्रीचाच भाग आहे.

११ ऑगस्ट

वास्कोत श्रीदामोदर भजनी सप्ताह कालपासून सुरू झाला. वास्कोचा मित्र आठवडाभर हाती लागणार नाही. एकत्र श्रवण पुढे ढकलले.

२५ ऑगस्ट, फोंडा

वाचनालयाच्या मागच्या खोलीत एकत्र श्रवण. भाई, वास्कोचा मित्र, वहिनी आणि मी. हे श्रवणही स्वतंत्रपणे मुद्रित केले.

सुरुवातीची काही मिनिटे कोणी बोलले नाही. मग वास्कोच्या मित्राने डोळे मिटून ठेक्यावर मान हलवायला सुरुवात केली आणि भाईंनी “आवाज एवढा लहान होता?” असे विचारले. यंत्राने दाबलेला आवाज आणि छातीत घुमलेला आवाज यांतले अंतर त्यांना समजावून सांगितले. ते पटले असे दिसले नाही.

वास्कोच्या मित्राचा काटा कोणत्या गाण्याचा, हे ठरले नाही. पहिली बाजू संपून कॅसेट उलटेपर्यंतचा भाग फितीवर नाही. अंधारात कॅसेट काढून, चाचपून, उलटी बसवायला मित्राला बराच वेळ लागला असणार, कारण एक गाणे मध्येच तुटते आणि दुसरे मध्येच सुरू होते. ते गाणे नेमके त्या तुटीतच होते, असे वास्कोच्या मित्राचे ठाम म्हणणे आहे. ते खोडून काढण्याचा मार्ग माझ्याकडे नाही आणि इच्छाही नाही.

भाईंनी मुलाखतीत सांगितले होते की आमच्या बाजूला कोणालाच गाण्याचे शब्द येत नव्हते. फितीवर ‘रॉक्सॅन’च्या वेळी मायक्रोफोनच्या आसपासचे सगळे त्या एका नावाला गळा ताणून ओरडत आहेत. बाकीचे शब्द कोणालाच येत नसावेत, कारण नाव सरले की सगळे एकदम गप्प होतात आणि पुढच्या खेपेची वाट पाहतात. त्या ओरडण्यात आम्ही चौघे आहोत. माझा आवाज मी ओळखला; वीस वर्षांच्या पोराचा, फुटलेला.

वहिनी प्रत्येक बोलण्याच्या अर्धा क्षण आधी ते म्हणत होत्या. पाण्याच्या बाटलीवाली बाई आली तेव्हा खोलीत हशा पिकला. दुसऱ्या बाजूच्या मध्यास, टाळ्या विरत असताना, कोणीतरी अगदी जवळून ओरडते, “सकयल बस रे!”, म्हणजे खाली बस रे. वास्कोचा मित्र म्हणाला की हा भाईंचा आवाज, पुढच्या पोरांना दटावणारा. भाईंनी लगेच होकार दिला. वहिनींनी मान हलवली. “हे आमचे,” त्या म्हणाल्या. “ते मला दर रविवारी सांगायचे, भाई खुर्चीवर उभे राहून नाचत होते, मला दिसेना, म्हणून मी ओरडलो.” पुन्हा ऐकले. आवाज मित्राचाच आहे. हाक मायक्रोफोनला लागून, वरच्या दिशेला मारलेली. लगेच लाकडी खुर्ची करकरल्याचा आवाजही आहे. भाईंनी चहा मागवला.

वहिनींनी नंतर फक्त ती हाक आणखी काही वेळा लावायला सांगितली. मी लावली.

१४ सप्टेंबर

चवथीची गडबड आटोपल्यावर समितीची बैठक झाली. हक्कांचा विषय आधी घेतला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाण्याच्या कर्त्याच्या हयातीनंतरही ६० वर्षे हक्क टिकतो आणि येथे गाणी रचणारे हयात आहेत. तेव्हा संगीताचा भाग वाचनालयात येऊन, अभ्यासासाठीच ऐकता येईल. प्रत कोणालाही मिळणार नाही. कोणी कितीही ओळखीचा असला तरी हा नियम मोडायचा नाही, असा माझा आग्रह होता आणि तो मान्य झाला. मुलाखती आणि त्यांची लिखित टिपणे मात्र सर्वांना खुली राहतील.

रंगभवनाविषयी एक परिच्छेद सूचीत जोडायचा आहे. तिथे १९७८ पासून जॅझ यात्रा होत असे आणि पुढे रॉकचे मोठे मेळे भरत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. शेजारी महाविद्यालय आणि जवळच कामा रुग्णालय असलेल्या या उघड्या रंगमंचावरचे मोठ्या आवाजाचे कार्यक्रम त्यानंतर बंद पडले. नियम योग्यच आहे असे माझे मत आहे. रुग्णालयाशेजारी तसा आवाज चालू नये. तरी धोबीतलावच्या कुडांतून पायी जाता येईल अशी ती जागा होती, याची नोंद राहिली पाहिजे.

बोटीच्या नावाचा वाद सुटला नाही. सूचीत ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही दोन्ही नावे सांगणाऱ्यांच्या उल्लेखासह लिहिली आहेत.

भाईंचे पत्र आले आहे. श्रवणाच्या टिपणातील खुर्चीसंबंधीचा मजकूर वगळावा, निदान ‘नाचत होते’ या ठिकाणी ‘उभे होते’ असे करावे, अशी त्यांची विनंती आहे. विधान वहिनींचे असल्याने बदल त्यांच्या संमतीशिवाय करता येणार नाही, असे उत्तर पाठवले. वहिनींना दूरध्वनी केला. त्यांनी संमती दिली नाही.